बँकॉकमध्ये पहिल्या रात्री ग्रुपमधून चुकलात तर हॉटेलवर परत कसं यायचं

ग्रुप टूरमध्ये पहिल्या संध्याकाळी सगळे दमलेले असतात, सिम चालू झालेलं नसतं आणि तरी सगळ्यांना बाहेर पडायचंच असतं, मग मार्केटच्या गर्दीत दोघं-चौघं चुकतात आणि टॅक्सीवाल्याला इंग्रजीत लिहिलेलं हॉटेलचं नाव काही कळत नाही.

त्यासाठी एवढंच करा:

१. रूमची चावी घेतानाच रिसेप्शनवरून हॉटेलचं कार्ड मागा, थाई लिपीत पत्ता असलेलं. प्रत्येकाकडे एक, आजी-आजोबांच्या पण खिशात. दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

२. हॉटेलच्या वायफायवर असतानाच बँकॉकचा ऑफलाईन मॅप उतरवून हॉटेलला पिन टाका.

३. चुकलो तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, आणि नुसतं "स्टेशनवर" नको, कारण नाना किंवा असोक सारख्या स्काय ट्रेन (उंचावरून धावणारी मेट्रो) स्टेशनला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिने आहेत, तर एक्झिटचा नंबर ठरवा. ही स्टेशनं ज्या सुखुमवित रस्त्यावर आहेत तिथे गल्ल्यांचे नंबर पण विषम एका बाजूला न् सम दुसऱ्या बाजूला आहेत, आणि ते समोरासमोर जुळत नाहीत, म्हणजे २१ च्या समोर २२ नाही, १६ च्या आसपासची गल्ली येते, नवीन माणूस इथेच हमखास गोंधळतो.

४. टॅक्सीत बसायच्या आधी कार्ड दाखवा आणि "मीटर" म्हणा, नाही म्हणाला तर सरळ दुसरी बघा. टूरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, तो सेव्ह करा.

फक्त एक बघा, एकाच नावाची दोन-तीन हॉटेलं असतात, त्यामुळे कार्ड आपल्याच ब्रँचचं आहे ना ते तपासा.