सीझनच्या सुरुवातीला आपल्या बेसबॉल संघाला जोखताना या चुका टाळा

२३ मे २०१९ रोजी वॉशिंग्टन नॅशनल्स न्यूयॉर्कमध्ये मेट्सकडून सलग चौथा सामना हरले. ५० सामन्यांत १९ विजय, ३१ पराजय. उरलेल्या ११२ पैकी ७४ सामने त्यांनी जिंकले आणि ३० ऑक्टोबरला ह्यूस्टन ॲस्ट्रोसना सातव्या सामन्यात हरवून वर्ल्ड सिरीज (लीगची अंतिम मालिका) घेतली. दुसरीकडे १९८८ चे बाल्टिमोर ओरिओल्स पहिले २१ सामने ओळीने हरले आणि सीझन संपला तेव्हाही ५४-१०७ वरच होते. म्हणजे वाईट सुरुवात कधी फसवी असते, तर कधी खरी. दोन्हींतला फरक एप्रिल-मेमध्येही बराचसा कळतो, फक्त योग्य रकाने पाहायला हवेत.

चूक १: आधी गुणतक्ता उघडणं

क्रिकेटवर वाढलेल्या प्रेक्षकाची ही पहिली फसगत. आयपीएलच्या साखळी फेरीत संघाला १४ सामने मिळतात, त्यामुळे तिथे चार पराभव म्हणजे संकट. मेजर लीगमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगमध्ये, १४ सामने जेमतेम पंधरवड्यात होतात आणि एकूण असतात १६२. निव्वळ ५०-५० ताकदीचा संघ २८ सामन्यांत ११ ते १७ पैकी कितीही विजय मिळवू शकतो. नाणेफेकीचा हिशेब लावला तरी पाचपैकी साधारण चार वेळा आकडा याच पट्ट्यात येतो. त्यामुळे ११-१७ पाहून रडणं आणि १७-११ पाहून ऑक्टोबरच्या प्लेऑफची तिकिटं शोधणं, दोन्ही घाईचंच. २०२३ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स २०-८ होते, शेवटी ७६-८६ झाले. १९८७ च्या मिलवॉकी ब्रुअर्सनी पहिले १३ सामने जिंकले, मेमध्ये सलग १२ हरले आणि ९१ विजय मिळवूनही प्लेऑफबाहेर राहिले.

त्यापेक्षा केलेल्या आणि दिलेल्या रन्स पाहा. केलेल्या रन्सचा वर्ग करा आणि त्याला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागा. समजा २८ सामन्यांत संघाने १२० रन्स केल्या आणि १३० दिल्या. १४,४०० भागिले ३१,३०० म्हणजे ०.४६, म्हणून अपेक्षित विजय १३. प्रत्यक्षात १७ असतील तर चार विजय उसने आहेत असं धरा. हे उसने विजय बहुधा एका रनने जिंकलेल्या सामन्यांत सापडतात आणि तिथलं यश टिकत नाही. ओरिओल्स २०१२ मध्ये अशा सामन्यांत २९-९ होते, पुढच्याच वर्षी २०-३१.

चूक २: बॅटिंग ॲव्हरेजवरून बॅटरला बसवा म्हणणं

ॲव्हरेज, म्हणजे हिट (चेंडू मारून सुरक्षित गाठलेला बेस) भागिले ॲट-बॅट, हा फार उशिरा स्थिरावणारा आकडा आहे. त्यावर भरवसा ठेवायला ९०० हून अधिक ॲट-बॅट (बॅटरच्या पाळ्या; वॉक, म्हणजे चार बाहेरच्या चेंडूंवर मिळालेला फुकटचा बेस, वगैरे वगळून) लागतात, म्हणजे दीड सीझनहून जास्त. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण मात्र साधारण ६० प्लेट अपिअरन्समध्ये (सगळ्या पाळ्या धरून) बोलू लागतं, वॉकचं १२० च्या आसपास. रोज खेळणाऱ्या बॅटरला पहिल्या महिन्यात एवढ्या संधी मिळून जातात.

महिनाअखेरीस एखाद्याचे ९० ॲट-बॅट, १८ हिट, ३ होमरन, २० स्ट्राइकआउट आहेत असं समजा. ॲव्हरेज .२००, ऐकायलाही नको असा. आता होमरन आणि स्ट्राइकआउट वगळा. मैदानात पडलेले चेंडू ६७, त्यातले हिट १५, म्हणजे .२२४. लीगमध्ये हे प्रमाण .२९० ते .३०० च्या घरात असतं. तेवढं मिळालं असतं तर पाच हिट वाढले असते आणि ॲव्हरेज .२५६ दिसलं असतं. सगळी ओरड पाच हिटची आहे.

तरीही ‘नशीब वाईट’ म्हणून लगेच सोडून देऊ नका. बेसबॉल सॅव्हंट या मेजर लीगच्या संकेतस्थळावर चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतोय ते फुकट पाहता येतं. ताशी ९५ मैल, म्हणजे १५३ किलोमीटर किंवा त्याहून जोरात मारलेल्या चेंडूंचं प्रमाण गेल्या वर्षीइतकंच असेल तर थांबा. ते घसरलं असेल, किंवा स्ट्राइकआउट २० टक्क्यांवरून ३० वर गेले असतील, तर काळजी खरी आहे: दुखापत लपवली जातेय किंवा पिचर्सना (चेंडू टाकणाऱ्यांना) त्याचा कच्चा कोपरा सापडलाय.

चूक ३: मैदानात कोण नव्हतं हे न पाहणं

२०१९ च्या नॅशनल्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ट्रे टर्नर २ एप्रिलला बंट करताना (चेंडू बॅटने हलकेच अडवताना) बोट मोडून बसला आणि १७ मे रोजी परतला. मेच्या पहिल्या आठवड्यात टर्नर, रेंडन, सोटो आणि झिमरमन एकाच वेळी बाहेर होते. तेव्हाचे पराभव त्या पूर्ण संघाचे नव्हतेच. दुखापतीच्या यादीत बॅटर किमान १० दिवस, पिचर १५ दिवस जातो. ६० दिवसांच्या यादीत गेला तर मात्र त्याची जागा भरायची सोय झालीय का ते पाहा.

चूक ४: सगळंच नशिबावर ढकलणं

आकडे वाचायला शिकलेले चाहते इथे हमखास घसरतात. नॅशनल्सचं बुलपेन (सामना सुरू करणाऱ्या स्टार्टर पिचरनंतर येणारे रिलीव्हर पिचर) एप्रिलमध्ये भयानक होतं आणि ते नशीब नव्हतं. संघ सावरला, बुलपेन सावरलं नाही. सीझनअखेर त्याचा ईआरए (दर ९ इनिंगमागे पिचरच्या खात्यात पडलेल्या रन्स) साडेपाचच्या वरच राहिला. व्यवस्थापनाने दुखणं खरं मानलं म्हणून ३१ जुलैला रिलीव्हर डॅनियल हडसनला आणलं, आणि ऑक्टोबरमध्ये शेरझर, स्ट्रासबर्ग, कॉर्बिन या स्टार्टर्सनाही बुलपेनमधून वापरलं.

बुलपेन तपासताना नुसता ईआरए पाहू नका. स्टार्टर बेसवर माणसं ठेवून गेला आणि रिलीव्हरने ती घरी येऊ दिली तर रन स्टार्टरच्या खात्यात पडते. वारशाने मिळालेल्या रनर्सपैकी किती आले हे पाहा. साधारण तीनातला एक येतो. निम्मे येत असतील तर स्टार्टरला उगाच बोल लागतोय. त्याच्या जोडीला रिलीव्हर्सचे वॉक मोजा. चेंडूवर ताबा नसलेलं बुलपेन आपोआप सुधारत नाही.

स्टार्टरच्या ईआरएचंही तसंच. महिन्यात त्याच्या वाट्याला पाच-सहा सामने, सुमारे ३० इनिंग येतात. २ इनिंगमध्ये ७ रन्सचा एक वाईट दिवस आणि बाकी २८ इनिंगमध्ये ९ रन्स, तरी ईआरए ४.८० दिसतो, तो दिवस वगळला तर २.८९.

चूक ५: फास्टबॉलचा वेग चुकीच्या महिन्याशी ताडणं

थंडीत वेग कमीच असतो, उन्हाळ्यात वाढतो. एप्रिलची तुलना गेल्या एप्रिलशीच करा. अर्ध्या मैलाची घट सोडून द्या. दोन मैलांची घट आणि सोबत वाढलेले वॉक दिसले तर पुढची बातमी खांद्याची किंवा कोपराची असण्याची शक्यता मोठी.

चूक ६: रोज मत बदलणं

१६२ चे २७-२७ चे सहा भाग करा आणि त्या टप्प्यांवरच नोंद ठेवा: रन्सचा फरक, बॅटर्सचे स्ट्राइकआउट व वॉक, बुलपेनचे वॉक, बाहेर बसलेले खेळाडू, आणि प्रतिस्पर्धी कोण होते. २०२३ पासून प्रत्येक संघ उरलेल्या २९ ही संघांशी खेळतो आणि आपल्या डिव्हिजनमधल्या (गटातल्या) प्रत्येकाशी १३ सामने, पण पहिल्या २७ मध्ये वाटणी क्वचितच सारखी असते. ट्रेड डेडलाइन (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) जुलैअखेरच्या सुमारास, म्हणजे चौथ्या नोंदीच्या आसपास येते. संघाला काय विकत घ्यायला हवं याबद्दलचं मत ८१ व्या सामन्याच्या नोंदीवरून ठरवा, तेव्हा बाजारात पर्याय उरलेले असतात.