खोकला हटत नसेल तर आधी तारीख लिहा

लॅबच्या काउंटरवर पेशंट आला की नाव-वय लिहून झाल्यावर माझा तिसरा प्रश्न ठरलेला: "खोकला कोणत्या तारखेला सुरू झाला?" तारीख कुणीच सांगत नाही. "झाले की आठ-दहा दिवस." "गणपतीत जरा घसा धरला होता." "पोरगं सहलीवरनं आलं तवापासनं बघा." सांगलीत बावीस वर्षं रक्त काढतेय, स्लाइडी रंगवतेय. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू ओळखायचा असेल तर ती तारीख रिपोर्टाइतकीच कामाची असते. कोणती तपासणी कधी करायची, औषध लागू पडतंय का, घरातल्या दुसऱ्या कुणाला कधी होऊ शकतं, सगळं तिथून मोजायचं.

म्हणून पहिलं काम हे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दूध-पेपरचा हिशेब लिहिता तिथेच, खोकल्याचा पहिला दिवस लिहा. पुढे माणसाचं नाव, रोज संध्याकाळचा ताप, आणि औषध सुरू केलं तो दिवस. एवढंच.

हे शहाणपण मला माझ्याच घरात आलं, तेही उशिरा. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर असते. एका दिवाळीत वसुबारसेला घरी आली ती बसलेला आवाज आणि कोरडा खोकला घेऊन. खोकला दोन दिवस आधीच लागलेला. डोकं दुखत होतं, संध्याकाळी ताप शंभर-एकशे एक. पण अंथरूण धरलं नाही. माझ्याबरोबर चकल्या पाडायला बसली, मैत्रिणींकडे जाऊन आली. हीच या जंतूची खोड. नेहमीच्या न्यूमोनियात थंडी वाजून ताप चढतो आणि माणूस एका दिवसात आडवा होतो. मायकोप्लाझ्मा दबकत येतो: आधी घसा, डोकेदुखी, मग खोकला, आणि तो खोकला दिवसागणिक वाढत जातो. डॉक्टर मंडळी याला 'वॉकिंग न्यूमोनिया' म्हणतात, चालत्या-फिरत्या माणसाचा न्यूमोनिया.

मी काय केलं? कपाटात कुणाच्या तरी दाढदुखीच्या वेळच्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या सुरू केल्या. पाडव्याला स्ट्रिप संपली. ताप जिथल्या तिथे.

जगाला रिपोर्ट वाचून दाखवणाऱ्या बाईने करू नये अशी ही चूक. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम या कुळातली औषधं जंतूची पेशीभित्तिका बांधू देत नाहीत, भिंत ढासळते आणि जंतू मरतो. मायकोप्लाझ्माला ही भिंतच नसते. नुसतं पातळ आवरण, त्यातलं कोलेस्टेरॉलही दुसऱ्याकडून घेतलेलं. नसलेल्या भिंतीला सुरुंग लावून काय होणार? म्हणून दुसरं काम: उरलेल्या गोळ्या कपाटातून काढून टाका. अमॉक्सिसिलिनचे दोन-तीन दिवस झाले आणि ताप हलला नाही, तर ती तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांच्यासाठी तो एक धागा असतो.

भिंत नसल्याचा फटका आम्हा लॅबवाल्यांनाही बसतो. ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून ओळखायचा रंग, भिंतीच्या जोरावर चालतो, त्यामुळे मायकोप्लाझ्मा रंग धरत नाही. बेडका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पू-पेशी दिसतात, जंतू कुठेच नाही. इतका बारीक की जंतू गाळून काढायच्या फिल्टरमधूनही निसटतो. १९४४ मध्ये मनरो ईटन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हा पकडला तेव्हा त्याला विषाणूच समजलं गेलं. हा जिवाणू आहे आणि निर्जीव माध्यमावर वाढतो हे १९६२ मध्ये दाखवून दिलं गेलं. तोवर अठरा वर्षं गेली. तेव्हा थुंकीच्या कल्चरवर, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, 'नॉर्मल फ्लोरा' (नेहमीचेच निरुपद्रवी जंतू) लिहून आलं म्हणून "जंतू नाही म्हणे" असं शेजारणीला सांगू नका. त्या प्लेटवर हा उगवतच नाही. त्याला घोड्याच्या रक्ताचा सीरम घातलेलं खास माध्यम लागतं आणि दोन-तीन आठवड्यांची सवड. तेवढ्यात पेशंट एकतर बरा झालेला असतो नाहीतर ॲडमिट.

तपासणी कधी करायची

माझी दुसरी चूक इथली. नरक चतुर्दशीला, अभ्यंगस्नान झाल्यावर, मी मुलीचं रक्त काढलं आणि आयजीएम लावली. निगेटिव्ह. जीव भांड्यात पडला आणि अमॉक्सिसिलिन चालू ठेवली. पण खोकल्याचा तो पाचवा दिवस होता. आयजीएम ही जंतूशी लढणारी अँटीबॉडी शरीर तयार करतं, आणि त्याला साधारण आठवडा तरी लागतो. पाचव्या दिवशीच्या निगेटिव्हला काडीची किंमत नाही. बाराव्या दिवशी मी हट्टाने पुन्हा काढलं, ठसठशीत पॉझिटिव्ह.

हिशेब असा ठेवा. पहिल्या आठवड्यात तपासायचंच असेल तर घशाच्या स्वॉबवर पीसीआर. तो अँटीबॉडीची वाट बघत नाही, थेट जंतूचा डीएनए शोधतो. महाग आहे आणि गावोगाव होत नाही. आठवडा उलटल्यावर आयजीएमला अर्थ येतो. नुसती एक आयजीजी (जास्त काळ टिकणारी दुसरी अँटीबॉडी) करून पैसे घालवू नका, ती जुन्या संसर्गाचीही असू शकते. करायचीच तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा, आणि ती चौपट वाढली तरच बोलायचं. उलटी बाजूही आहे. आयजीएम बरं झाल्यावर महिनोन्महिने रेंगाळते आणि पीसीआर कधी कधी धडधाकट माणसाच्या घशातही पॉझिटिव्ह येतो. म्हणून रिपोर्टबरोबर कालनिर्णयचं पान न्या.

आमच्या डॉक्टरांनी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरट डाग पसरलेले. ते एकदा फिल्मकडे बघतात, एकदा मुलीकडे. "हा हिचाच आहे ना?" फिल्म वाईट आणि माणूस बरा, हा विरोधाभास दिसला की त्यांच्या डोक्यात मायकोप्लाझ्मा येतो. ॲझिथ्रोमायसिन हे दुसऱ्या कुळातलं अँटिबायोटिक सुरू झालं, दुसऱ्या रात्री ताप उतरला.

थंडीत गोठणारी नळी

एक गोष्ट फक्त लॅबमध्ये दिसते. डिसेंबरातली सकाळ, एका शिक्षिकेचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. मशीनने आकडे दिले: हिमोग्लोबिन ११.४, लाल पेशी फक्त १९ लाख, एमसीएचसी (लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) ५४. एमसीएचसी ३२ ते ३६ असतं, ५४ माणसाच्या रक्तात असूच शकत नाही. नळी उजेडात तिरकी केली तर काचेवर रक्ताचे बारीक दाणे ओघळत होते, दूध नासायला लागल्यावर भांड्याच्या कडेला दिसतात तसे. नळी ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवली. दाणे विरघळले, रक्त काचेवरून तेलासारखं सरळ उतरलं. पुन्हा मशीनला लावली: लाल पेशी ३८ लाख, एमसीएचसी ३४. मग बर्फाच्या कपात बुडवली, पुन्हा दाणे.

मायकोप्लाझ्माशी लढताना काहींच्या शरीरात अशा अँटीबॉडी तयार होतात की त्या थंडीत आपल्याच लाल पेशींना चिकटून गठ्ठे करतात. यांना कोल्ड ॲग्लुटिनिन म्हणतात. दुसऱ्या काही आजारांतही त्या येतात, त्यामुळे हे निदान नव्हे, खूण आहे. पण तुमच्या सीबीसीखाली बारीक अक्षरात 'कोल्ड ॲग्लुटिनेशन' असा शेरा दिसला तर तो वाचून सोडून देऊ नका, डॉक्टरांसमोर बोट ठेवून दाखवा. बहुतेकांना त्रास होत नाही. क्वचित लाल पेशी फुटायला लागतात: चेहरा पांढरा पडतो, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते. तसं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

थांबायचं नाही अशा वेळा

लहान मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना बनियन वर करा, पोटाकडे बघा, घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर लगेच निघा. ऑक्सिमीटर लावायचा तर बोट कोमट असू दे, नेलपॉलिश काढा. आकडा ९४ च्या खाली राहिला तर घरी बसायचं नाही. अंगावर पुरळ आणि जोडीला तोंडात-ओठांवर फोड, डोळे लाल. किंवा गुंगी, झटके, हातापायांतली ताकद जाणं, हे या जंतूमुळे क्वचितच होतं, पण होतं. दम्याच्या माणसाला आणि सिकलसेलच्या (लाल पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) मुलाला हा जास्त छळतो. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या वाचकांनो, घरात सिकलसेलचं कार्ड असेल आणि ताप-खोकल्यासोबत छातीत दुखत असेल, तर एक रात्रही काढू नका.

आणि क्षयरोग. आपल्याकडे दोन आठवड्यांवर गेलेला खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, मग मायकोप्लाझ्माचा संशय असो वा नसो. सरकारी दवाखान्यात फुकट होते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर किंवा खिडकीशी उभं राहा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून काढा. लाळेने भरलेली डबी मी रोज परत पाठवते. हे लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या आधी झालेलं बरं. ते मायकोप्लाझ्मावर चालतं, पण क्षयाच्या जंतूलाही अर्धवट दाबतं, आणि मग खरं निदान महिनाभर लांबतं.

औषध आणि घर

कोणती गोळी, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. ॲझिथ्रोमायसिन असेल तर हृदयाची औषधं चालू असल्याचं आधी सांगा. डॉक्सिसायक्लिन असेल तर गर्भारपण लपवू नका, आणि गोळी दूध, कॅल्शियम, लोह यांच्याबरोबर घेऊ नका. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका. माझ्या नवऱ्याने ती घोटभर पाण्यावर ढकलली आणि झोपला. रात्री दीड वाजता छातीत आग, हार्ट ॲटॅक आला म्हणून सगळं घर जागं.

नवऱ्याला हा संसर्ग कुठून? वसुबारसेला मुलगी आली, त्रिपुरी पौर्णिमेला त्याचा घसा बसला. मोजा, अठरा दिवस. शिरकाव झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण एक ते चार आठवडे, बऱ्याचदा दोन-तीन. म्हणून 'आठवडा झाला, कुणाला काही नाही, सुटलो' असं म्हणायचं नाही. महिनाभर लक्ष ठेवा. जवळून, बराच वेळ एकत्र राहणाऱ्यांत हा पसरतो: हॉस्टेल, शाळेचा वर्ग, बराकी, आपलं घर. आजारी माणसाला खिडकीची खोली द्या, मास्क द्या, रुमाल वेगळा ठेवा. साबणाने याचं ते पातळ आवरण फाटतं, तेव्हा हात धुणं खरंच उपयोगाचं. लस नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही.

दर काही वर्षांनी याची लाट येतेच. २०२३ च्या अखेरीस चीनच्या उत्तर भागात मुलांचे दवाखाने भरले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'नवा चिनी न्यूमोनिया' फिरत होता. त्या गर्दीत एक मोठा वाटा याच जुन्या जंतूचा होता. नवं काही असेल तर चीन-जपानकडे ॲझिथ्रोमायसिनला दाद न देणारे त्याचे प्रकार फार वाढलेत. त्यामुळे औषध सुरू करून दोन-तीन दिवसांत ताप हलला नाही तर गप्प बसू नका, परत जा.

याची काही भावंडं जननमार्गात राहतात: मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम, मायकोप्लाझ्मा होमिनिस, युरियाप्लाझ्मा. लघवीला जळजळ, स्राव, ओटीपोटात दुखणं, आणि नेहमीचं युरिन कल्चर मात्र स्वच्छ, असं असेल तर डॉक्टरांना पीसीआरबद्दल विचारा. जेनिटॅलियम निघाला तर जोडीदाराचीही तपासणी हवी. युरियाप्लाझ्मा मात्र कित्येक निरोगी माणसांत असतोच, नुसत्या पॉझिटिव्हवर घाबरून अँटिबायोटिक मागू नका.

खोकल्याबद्दल शेवटचं. ताप गेला तरी तो जात नाही, आणि लोक दुसरं, तिसरं अँटिबायोटिक मागायला लागतात. हा जंतू श्वासनलिकेतल्या बारीक केसांच्या पेशींना टोकाने चिकटतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून त्यांना जखमी करतो. कफ वर ढकलणारा तो झाडूच मोडतो. जंतू मेला तरी झाडू नव्याने उगवेपर्यंत खोकला चालणारच. गरम पाणी, वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध, आणि धीर. खोकला पूर्ण थांबला ती तारीखही लिहा. ती लिहायला सगळे विसरतात. मुलीच्या नावापुढे मी ती चंपाषष्ठीला लिहिली, खोकला लागल्यापासून जवळजवळ सहा आठवड्यांनी. नवऱ्याची अजून लिहायची होती.