वाडीसाठी आणि सोसायटीसाठी चेन सॉ कशी निवडावी

मुंबईत राहणाऱ्या कुटुंबाला चेन सॉ, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या साखळीची करवत, लागते ती बहुधा मुंबईबाहेरच्या झाडांसाठी. अलिबागच्या पुढे घेतलेली जागा, वसईतली वडिलोपार्जित वाडी, कर्जत-मुरबाडकडचे शेतघर, नाहीतर गणपतीला आणि मे महिन्यात जिथे जाणे होते ते कोकणातले घर. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते मुंबईजवळून गेले, तेव्हा नारळ, पोफळी, आंबे आणि फणस मुळासकट आडवे झाले आणि नुसत्या कोयत्या-कुऱ्हाडीने असे बुंधे वाटेतून बाजूला करणे किती कठीण असते ते अनेकांच्या लक्षात आले. अशा वेळी यंत्र घ्यायचे ठरते ते पडलेल्या सर्वांत मोठ्या झाडाकडे पाहून, आणि निवड तिथेच चुकते. मुंबईकराची करवत वर्षातले मोजके दिवस चालते आणि बाकीचे दिवस पडवीत, माळ्यावर किंवा बाल्कनीतल्या कपाटात पडून असते. म्हणून ती कशी कापते याइतकेच ती कशी पडून राहते, हेही निवडताना पाहावे लागते.

यंत्राचा विचार करण्याआधी परवानगीचा करावा. मुंबई महापालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. सोसायटीच्या आवारातले झाड सोसायटीचे असले, तरी ते तोडण्यासाठीच नव्हे तर फांद्या छाटण्यासाठीही पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी लागते, आणि झाड पडल्यास 1916 या क्रमांकावर कळवता येते. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर ही झाडे त्याच्या अनुसूचीत येतात, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतलेही असे झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. घरगुती करवतीचे काम म्हणजे पडलेली झाडे, वाळलेल्या फांद्या, सरपण आणि कुंपणालगतची सुबाभूळ किंवा गिरिपुष्प. उभे मोठे झाड पाडणे हे घरगुती काम नाही. ते अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे, आणि त्यासाठी मोठे यंत्र विकत घेण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

आता पेट्रोल की वीज, हा प्रश्न. पेट्रोलवरच्या करवतीला वायर लागत नाही, ती वाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दिवसभर काम करते आणि ताकदीलाही सरस असते. हे सगळे खरे आहे. पण तिचे टू-स्ट्रोक इंजिन पडून राहणे सहन करत नाही. आपल्या पंपांवर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि अनेक नामांकित कंपन्यांच्या माहितीपुस्तिका या इंजिनांसाठी 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते; कोकणातल्या पावसाळ्यात तीन-चार महिने टाकीत राहिलेले मिश्रण खराब होते, कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो आणि रबराच्या नळ्या कडक होऊन चिरतात. मग दिवाळीत गावी गेल्यावर दोरी ओढून खांदा दुखतो, यंत्र मात्र सुरू होत नाही. पेट्रोलचेच यंत्र हवे असेल, तर प्रत्येक वेळी काम संपल्यावर टाकी रिकामी करून, उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवून मगच ठेवायची शिस्त लागते. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑइलचे प्रमाणही पुस्तिकेतूनच घ्यावे. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, 25:1 म्हणजे 40. दुकानदार अंदाजाने सांगेल ते नव्हे. शिवाय रेल्वेच्या डब्यातून ज्वलनशील पदार्थ नेणे हा गुन्हा आहे, त्यामुळे इंधन भरलेली करवत घेऊन कोकण रेल्वेने जाता येणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

वायरवर चालणारी विजेची करवत घराभोवतीच्या कामासाठी फार चांगली, आणि लोक तिला उगाच कमी लेखतात. 1800 ते 2000 वॅटची, 14 किंवा 16 इंची पात्याची (पाते म्हणजे जिच्या कडेने साखळी फिरते ती लांब पट्टी) करवत फांद्या आणि मध्यम जाडीचे ओंडके आरामात कापते, पडून राहिली तरी बिघडत नाही, आणि सोसायटीत रविवारी सकाळी चालवली तर पेट्रोलच्या यंत्राइतका गोंगाट आणि धूर होत नाही. 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 9 अँपिअर. तेव्हा दिव्याच्या छोट्या प्लगवर ती लावू नये, 16 अँपिअरचा सॉकेट वापरावा. वाढीव वायर दीड चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी आणि अंतर 20 मीटरपुढे जात असेल तर अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. गावाकडे व्होल्टेज आधीच उतरलेले असते, त्यात बारीक वायर आली की मोटर तापते. विजेच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्यावे. ओल्या गवतात किंवा पावसात ही करवत अजिबात चालवू नये.

बॅटरीची करवत मला मुंबईतून ये-जा करणाऱ्या माणसासाठी सर्वांत सोयीची वाटते, फक्त बॅटरीचे गणित स्वतः करावे. 18 व्होल्ट गुणिले 5 अँपिअर-तास म्हणजे 90 वॅट-तास. अशा दोन बॅटऱ्या एकत्र लावणारे 36 व्होल्टचे यंत्र भर कापताना 1000 वॅट ओढत असेल, तर सलग कापण्याचा वेळ जेमतेम दहा मिनिटे मिळतो. ऐकायला थोडा वाटतो, पण कापणे नेहमी तुटक असते: कापा, फांदी ओढा, जागा बदला. त्यामुळे घरगुती कामाला दोन संच पुरतात. मात्र ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या चार-सहा इंची करवतींच्या बॅटरीवर छापलेले 48 किंवा 88 हे आकडे व्होल्टेज समजू नयेत; आत बहुधा पाचच सेल ओळीने जोडलेले असतात आणि ते मिळून 18 व्होल्टच देतात. या छोट्या करवती शेवग्याच्या किंवा पेरूच्या फांद्यांना ठीक आहेत, पण अनेकींना साखळीचा ब्रेक नसतो, आणि एका हाताने करवत धरून दुसऱ्या हाताने फांदी पकडायचा मोह होतो. बोटे जातात ती अशानेच. बॅटरी ठेवताना अर्धी चार्ज करून, यंत्रातून काढून, उन्हात तापणाऱ्या कपाटाबाहेर ठेवावी.

पात्याची लांबी रोज कापायच्या लाकडाच्या जाडीपेक्षा दोन इंच जास्त असली की पुरे. ज्याचे काम सहा ते दहा इंची फांद्यांचे आहे त्याला 12 किंवा 14 इंच, ज्याला पडलेल्या नारळाचे तुकडे करायचे आहेत त्याला 16. बाजारात 58 सीसीचे, 22 इंची पात्याचे यंत्र पुष्कळदा नामांकित कंपनीच्या 30-32 सीसीच्या यंत्रापेक्षा स्वस्त मिळते आणि मोठे असल्यामुळे मोहात पाडते. पण लांब पाते म्हणजे जास्त वजन, जास्त तेल, धार लावायला जास्त दात, आणि टोक आपल्या नजरेबाहेर. वजन विचारताना पाते, साखळी आणि भरलेली टाकी धरून विचारावे, कारण खोक्यावर बहुधा नुसत्या इंजिनाचे वजन छापलेले असते.

टोक नजरेबाहेर असणे धोक्याचे का, हे नीट समजून घ्यावे. फिरत्या साखळीच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला, दगडाला किंवा मागच्या फांदीला लागला, की साखळी तिथे अडते आणि सगळा जोर पात्याला वर आणि मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे फेकतो. हा झटका इतक्या क्षणात येतो की हात सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोरचा हातरक्षक हा नुसता आडोसा नसून साखळीचा ब्रेक असला पाहिजे, आणि झटक्याच्या जोरानेही तो आपोआप लागला पाहिजे. त्याशिवाय तीन गोष्टी हव्यातच: मागची कळ दाबल्याशिवाय न हलणारा थ्रॉटल (वेग देणारा खटका), तुटलेली साखळी अडवणारा खालचा खुंट, आणि मुठी व इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबर. दुकानदार म्हणाला की ब्रेक नसला तरी चालते, सगळे असेच घेतात, तर ते यंत्र तिथेच ठेवून निघावे.

खरेदीसाठी मशीदबंदरजवळची नागदेवी स्ट्रीट आहेच. तिथे यंत्र, साखळ्या, कानशी, सुटे भाग सगळे मिळते. पण घेण्याआधी यंत्र चालवून पाहू देणारे दुकान शोधावे. इंजिन मंद चालत असताना साखळी स्थिर राहिली पाहिजे. ती सरकत असेल तर क्लच किंवा मंद गती बिघडलेली आहे. वेग देऊन हातरक्षक पुढे ढकलला की साखळी तत्काळ थांबली पाहिजे. मग करवतीचे टोक कोऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर दूर धरून काही सेकंद वेग द्यावा. पुठ्ठ्यावर हळूहळू तेलाची बारीक रेघ उमटली, तर पंप पात्याला तेल पोचवतो आहे. पुठ्ठा कोरा राहिला तर तेच पाते लाकडात जाऊन तापून निळे पडेल. शेवटी यंत्र बंद करून, हातमोजा घालून साखळी ओढून पाहावी: ती खाली लोंबत नसावी, पण हाताने पात्यावरून सहज सरकावी.

साखळी हा यंत्राचा खरा कापणारा भाग आहे, आणि आपल्याकडच्या लाकडाने ती लवकर मरते. वाळलेली बाभूळ अत्यंत कठीण असते; नारळाच्या बुंध्यातले तंतू दात बोथट करतात आणि साखळी फिरवणाऱ्या चक्रावरच्या झाकणाखाली गच्च बसतात, म्हणून दर टाकीला झाकण उघडून ते काढावे. धारदार साखळी लाकडाचे चपटे कीस फेकते. पिठासारखा भुगा पडू लागला, की जोर लावणे थांबवून कानस काढावी. लहान करवतींवर बहुधा 3/8 इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांच्या अंतरावरून ठरणारे माप) लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीची, साखळी असते, तिला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते; .325 इंचाच्या साखळीला 4.8 मिलिमीटरची. धार 30 अंशांत, नेहमी आतून बाहेर आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारून लावावी. तेलाच्या टाकीत इंजिनाचे काळे, वापरलेले तेल ओतायची सवय गॅरेजवाल्यांनी लावलेली आहे. त्यात धातूचे कण असतात, पंप खराब होतो आणि ते शेवटी आपल्याच बागेच्या मातीत जाते. साखळीचे तेल वेगळे मिळते, तेच घ्यावे.

बजेट ठरवताना यंत्राच्या किमतीत अंगावरचे साहित्य मिळवूनच आकडा काढावा. जाळीची झडप आणि कानांवरची झाकणे असलेले हेल्मेट, चांगली पकड देणारे हातमोजे, पुढे कडक टोपी असलेले बूट, आणि पायांवर बांधायचे संरक्षक आवरण, ज्याच्या आतले लांब तंतू साखळीत अडकून तिचे चक्र थांबवतात. मे महिन्याच्या उकाड्यात हे आवरण नकोसे होते हे मान्य, तर मग काम सकाळी सहा ते नऊ या वेळात करावे, पण लुंगीवर किंवा स्लिपर घालून करवत हातात घेऊ नये. बागेतला गडी ती चालवणार असेल तर हे सगळे त्याच्या मापाचे घ्यावे.

बिल घेताना त्यावर यंत्राचा अनुक्रमांक, पात्याची लांबी, साखळीचा पिच, गेज (पात्याच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्याच कड्यांची, संख्या लिहून घ्यावी, कारण दोन 16 इंची पात्यांना लागणाऱ्या साखळ्यांतही कड्यांची संख्या वेगळी असू शकते आणि गावातल्या दुकानात ती मोजून मिळेलच असे नाही. जास्तीची एक साखळी आणि योग्य मापाची कानस त्याच दिवशी, त्याच दुकानातून घ्यावी.