लातूरला नीटच्या तयारीला येताय? पहिल्या टेस्टआधी वाचा

ट्यूशन एरियातल्या कुठल्याही मेसमध्ये जेवायला बसा. शेजारी अहमदपूरचा, समोर गंगाखेडची, पलीकडे नायगावचा, आणि दहावीनंतर प्रत्येकाचा गावात सत्कार झालेला. नीटसाठी, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी, लातूरला मराठवाड्यातले पहिले नंबरच गोळा होतात. त्यामुळे पहिल्या टेस्टची यादी लागली की बहुतेकांचं डोकं बधिर होतं. माझंही झालं होतं. नव्वदच्या पुढचे टक्के बघायची सवय, आणि इथं ७२० पैकी दोनशेच्या आसपास.

यात तुमची अक्कल कमी झालेली नसते, परीक्षेची जात बदललेली असते. दहावीला अर्धवट उत्तरालाही काहीतरी पडतं. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं. बरोबरला चार, चुकलं की उणे एक. म्हणजे येत असलेला प्रश्न घाईत चुकला की थेट पाच मार्कांची खोट.

‘पॉझिटिव्ह राहा’ असं सांगणारे सेमिनार इथं पुष्कळ होतात. टाळ्या वाजतात, रविवारी परत तीच यादी. मला खरा उपयोग झाला तो होस्टेलमधल्या एका रिपीटर (परत नीट देणाऱ्या) ताईने शिकवलेल्या खुणांचा. पेपर सोडवतानाच प्रश्नपत्रिकेवर (ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, चुकूनही नाही) प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची: पक्कं येतंय तिथं टिक, दोन पर्यायांत अडकलंय तिथं टिंब, नुसता अंदाज तिथं फुली. आन्सर की आली की तिन्हींचा हिशोब वेगवेगळा मांडायचा.

माझी रूम पार्टनर ‘माझं फिजिक्स कच्चं’ म्हणून रडायची. खुणा मोजल्या तर फिजिक्समधल्या टिका कमी होत्या, पण जवळजवळ सगळ्या बरोबर. मार्क जात होते बायोलॉजीत. एनसीईआरटीचं पाठ्यपुस्तक पाठ आहे या भरवशावर ती प्रश्न शेवटपर्यंत वाचायचीच नाही, आणि बायोलॉजी म्हणजे अर्धा पेपर, ३६० मार्क. स्वतःबद्दलचा आपला अंदाज किती चुकीचा असू शकतो, हे तिला कुठल्या भाषणाने नाही, त्या टिकांनी दाखवलं. तिने फिजिक्सचा जादा क्लास लावायचं रद्द केलं. पैसेही वाचले.

चुकांच्या वहीत ‘सिली मिस्टेक’ असा रकाना ठेवू नका. नेमकं कारण लिहा: ‘अयोग्य’ हा शब्द सुटला, एकक बदललं नाही, गोल खालच्या ओळीत रंगवला. महिनाभरात तीच दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसायला लागतात, आणि मग काय सुधारायचं ते कुणाला विचारावं लागत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट. नीट मराठीतूनही देता येते, पण भाषांतरात शंका निघाली तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात. त्यामुळे इंग्रजी संज्ञांची ओळख अकरावीपासूनच करून घ्या.

आता घरच्या फोनचं. ‘काय करायलीस? जेवलीस का? किती पडले?’ तिसऱ्या प्रश्नाचा पोरांना राग येतो. माझं मत वेगळं आहे. सोयाबीनचा भाव पडलेला असताना फी भरणाऱ्या बापाला तो विचारायचा हक्क आहे. मी मार्कांसोबत खुणांचा हिशोबही सांगायला लागले: मागच्या वेळी पक्क्यातले किती गेले, या वेळी किती. वडिलांना परीक्षेतलं फारसं कळत नव्हतं, पण आडतीवरची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) वाचणाऱ्या माणसाला कुठं काय कापलं गेलं ते लगेच कळतं. ओरडणं कमी झालं.

पण झोप उडाली, जेवण जाईना, जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर तो खुणांनी सुटणारा प्रश्न नाही. वॉर्डनला किंवा घरी त्याच दिवशी सांगा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. काही होस्टेलांत रात्री मोबाइल काढून घेतात, म्हणून हा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावरही लिहून ठेवा.