हॅलोविनचा दिवा कसा कोरावा: आधी कंद, मग भोपळा

आयर्लंडच्या मेयो परगण्यात, कॅसलबारजवळ, तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाचा ग्रामजीवन विभाग आहे. तिथे कंदात कोरलेला एक चेहरा ठेवलाय. खोबणीसारखे डोळे, मोडके दात, सुरकुतलेली कातडी. खरं तर ही प्लास्टरची प्रतिकृती. मूळ कंद डोनेगलमधल्या फिनटाउन गावच्या एका शिक्षिकेने 1943 साली दिला होता. तो खराब होत चालल्यामुळे प्रतिकृती करून घेतली. दुकानातला हसरा केशरी भोपळा बघून हा सण भुताखेतांचा का, ते कळत नाही. हा कंद बघितला की लगेच कळतं. म्हणून आधी कंदाची कृती, मग भोपळ्याची.

सण आला कुठून

आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक लोकांत 31 ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून 1 नोव्हेंबरच्या सूर्यास्तापर्यंत 'साविन' पाळत. उन्हाळी कुरणांवरची गुरं खाली आणायची, हिवाळाभर पोसणं जमणार नाही ती मारून मांस साठवायचं. वर्षाची उजेडाची बाजू संपून काळोखाची सुरू होण्याचा हा सांधा. या रात्री जुन्या टेकड्यांची दारं उघडतात आणि पलीकडच्या जगातले लोक, म्हणजे भुतंखेतं, बाहेर पडतात, ही समजूत तिथूनच आली.

हॅलोविन हे नाव मात्र चर्चचं. 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस; 835 साली, पोप चौथा ग्रेगरी असताना, तो फ्रँकिश साम्राज्यभर, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात, लागू झाला. 'हॅलो' म्हणजे संत; त्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे 'ऑल हॅलोज ईव्ह', त्याचंच झालं हॅलोविन. चर्चने साविन पुसण्यासाठीच ही तारीख निवडली, असं सर्रास सांगतात. ते तितकंसं पटत नाही. आयरिश चर्च पूर्वी हा दिवस एप्रिलमध्ये पाळत असे. नोव्हेंबरची तारीख पसरली ती युरोपच्या मुख्य भूमीवरून.

दिव्याची गोष्ट वेगळी. जॅक नावाच्या कंजूष बेरक्याने सैतानाला फसवलं, मेल्यावर त्याला ना स्वर्गात घेतलं ना नरकात, आणि तो कंदात निखारा ठेवून अंधारात फिरत राहिला, अशी आयरिश लोककथा आहे. 19व्या शतकात आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात कंद कोरण्याची चाल चांगली रुजलेली होती. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश अमेरिकेला गेले. तिथे भोपळा मुबलक होता, मोठा होता आणि कोरायला कितीतरी सोपा होता.

कंदाचा दिवा

आयरिश लोक ज्याला टर्निप म्हणतात ते आपलं पांढरं सलगम नव्हे, तर 'स्वीड': बाहेरून जांभळट, आतून पिवळसर आणि लाकडासारखा घट्ट. 12 ते 14 सेंटिमीटर व्यासाचा, साधारण किलोभर वजनाचा घ्या. भारतात तो सहज मिळत नाही, तेव्हा मोठ्यात मोठं सलगम चालेल. ते मऊ असल्याने काम लवकर होतं.

बुडाकडून अर्धा सेंटिमीटर चकती काढा, म्हणजे कंद डुगडुगणार नाही. वरून 2 सेंटिमीटरचं झाकण कापा. आता कडेला 1 सेंटिमीटर भिंत सोडून सुरीने गोल चीर द्या, आतल्या भागात उभ्या-आडव्या चिरा मारून चौकटी पाडा आणि जाड चमच्याने त्या एकेक उचकटा. पुन्हा चिरा, पुन्हा चमचा. घाई केली की सुरी निसटते आणि थेट हातात जाते, कारण स्वीड सुरीला घट्ट धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. कंद मांडीवर धरू नका; खाली ओलं फडकं घालून ओट्यावर ठेवा. पाऊण तास ते तास लागतो. मऊ करायला उकडू नका, भिंतच बसते.

आतली पोकळी किमान 6 सेंटिमीटर रुंद हवी. टी-लाइट मेणबत्ती जवळपास 4 सेंटिमीटरची असते आणि तिला भोवती हवा लागते. आत टॉर्च धरून बघा. जिथे उजेड मंद दिसतो तिथे भिंत जाड राहिली आहे, तेवढीच आणखी खरवडा. चेहरा साधा ठेवा: दोन भोकं, एक रुंद चीर, दोन-तीन दात. झाकणाला दीड सेंटिमीटरचं भोक पाडायचं विसरू नका, नाहीतर ज्योत गुदमरून विझते. टांगायचा असेल तर काठाखाली दीड सेंटिमीटरवर समोरासमोर भोकं पाडून तार ओवा. सुतळी जळते.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात. झाकण वेगळं काढून कंद हवेशीर, कोरड्या जागी ठेवला की पाणी उडतं, गाल आत जातात, तोंड वाकडं होतं. म्हणून कंद सणाच्या सात-आठ दिवस आधीच कोरावा. बंद डब्यात ठेवला तर बुरशी येईल. मेणबत्ती लावल्यावर झाकण आतून भाजतं आणि करपलेल्या भाजीचा वास सुटतो; तो येणारच.

भोपळ्याचा दिवा

अमेरिकेत कोरायला सर्वात चालणारा वाण म्हणजे 'हाउडन'. गर पातळ आणि बेचव, देठ भक्कम. 5-6 किलोचा, सपाट बुडाचा, नखाने ओरखडा न पडणारा भोपळा निवडा. देठाला धरून उचलू नका; देठ तुटला की तिथूनच सडायला सुरुवात होते.

भोक वरून पाडायचं तर सुरी आत, मध्याकडे तिरपी धरा, म्हणजे झाकण सुकून आकसलं तरी आत पडत नाही. एका बाजूला खाच ठेवा, बसवताना दिशा चुकत नाही. बॅटरीचा दिवा वापरणार असाल तर बुडातून भोक पाडणं जास्त बरं: देठ शाबूत राहतो आणि भोपळा दिव्यावर नुसता पालथा ठेवता येतो.

बिया आणि तंतू पूर्ण काढा. उरलेल्या तंतूंवरच बुरशी आधी धरते. चेहऱ्याच्या बाजूची भिंत खरवडून अडीच सेंटिमीटरवर आणा. कागदावरचं चित्र चिकटपट्टीने लावा, रेषेवर 4-5 मिलिमीटर अंतराने टाचणीने टोचा, कागद काढा आणि बारीक दात्यांच्या करवतीने वर-खाली कापा. बारीक तपशील आधी, मोठे तुकडे शेवटी. तोंड आधी उघडलं की भिंत लवचिक होते आणि डोळ्यांजवळ चिरते. तुटलेला दात टूथपिकने परत टोचून बसवता येतो.

कोरलेला भोपळा थंड हवेत पाच-सहा दिवस टिकतो. चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर ब्लीच घालून त्यात बुडवून वाळवला तर बुरशी थोडी लांबते, पण मग तो गर आणि त्या बिया खायच्या नाहीत. कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावतात. ते पेट घेऊ शकतं, तेव्हा फक्त बॅटरीच्या दिव्यासोबत.

मुंबई-पुण्यात हेच करायचं तर लाल भोपळा घ्यावा लागेल. त्याचा गर जाड असतो, त्यामुळे खरवडण्यातच निम्मा वेळ जातो, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तो दीड-दोन दिवसांत बसतो. आदल्या रात्री कोरा. मोबदला मात्र चांगला: हा गर गोड असतो. दोन वाट्या किसाला वाटीभर गूळ घालून शिजवा, मावेल तेवढी कणीक आणि चमचाभर तांदळाचं पीठ घालून घारगे तळा. हाउडनच्या गराचे घारगे पाणचट होतात.

दारातली रीत

वेष करून दारोदार फिरण्याची चाल स्कॉटलंड-आयर्लंडची. तिथे मुलांनी आधी गाणं किंवा कविता म्हणायची आणि मग सफरचंद किंवा सुका मेवा घ्यायचा. अमेरिकेत ती अट गळून पडली.

तिथे नव्याने राहायला गेलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं. दारावरचा दिवा चालू म्हणजे 'या', बंद म्हणजे 'येऊ नका'. फक्त कारखान्यात बंद केलेल्या पुड्या द्या. घरचे बेसनाचे लाडू कितीही चांगले असले तरी अनोळखी मुलांचे आईवडील ते फेकून देतील. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेली मुलं असतात, म्हणून निळसर हिरवा रंगवलेला भोपळा दारात दिसला तर त्या घरी खाऊऐवजी पेन्सिली-स्टिकर मिळतात असं समजायचं. आणि दिवाळी जवळ आली असेल तर आकाशकंदिलाकडे लक्ष द्या. 2024 मध्ये नरकचतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला होती: गोव्यात पहाटे नरकासुराचे पुतळे जळाले, त्याच तारखेच्या संध्याकाळी अमेरिकेत भुतं दारात. पोरांना कंदील आणि दारावरचा दिवा यातला फरक कळत नाही. खाऊची वाटी रिकामी झाली की दोन्ही विझवा.