उन्हात बंद पडणारी ॲम्बेसेडर: पेट्रोलला दोष देण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, तुळजापूर रोड. आमची ॲम्बेसेडर दोन-तीन आचके देऊन थांबली. सोलापुरात उन्हाळ्यात गाडी थांबली की सगळ्यांचं निदान एकच, व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाटेतच वाफ होऊन पुरवठा अडणं! इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलं, लिंबाखाली अर्धा तास बसलो, गाडी चालू. दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. घरी येऊन डेल्कोचं, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडलं तर आतले पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) निळेकाळे जळालेले. कंडेन्सर गेला होता.

माझी चूक फडक्याची नव्हती, घाईने गार करण्याची होती. तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) गार झाली की शहाण्या बाळासारखी वागते, आणि श्रेय फडक्याला जातं. गाडी थांबल्याबरोबर, गरम असतानाच करंट बघा. कॉइलची मधली वायर डेल्कोच्या झाकणातून काढा, टोक इन्सुलेटेड पकडीने ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर पेट्रोलकडे वळा. पिवळी, मरगळलेली पडली तर दोष करंटच्या बाजूलाच आहे. जवळपास पेट्रोल गळत असेल तर मात्र हा प्रयोग नको.

ठिणगी पॉइंट मिटल्यावर पडते असा बऱ्याच जणांचा समज असतो. ती पडते उघडताना. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चारेक अँपिअर करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डेल्कोतल्या फिरत्या, उंचवटे असलेल्या कॅमने पॉइंट उचलले की ते कोसळतं आणि दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. पण करंट सहजी थांबत नाही, उघडत्या पॉइंटमधून उडी मारायला बघतो. ती उडी कंडेन्सर गिळतो. तो मेला की पॉइंटमध्येच ठिणग्या उडतात, क्षेत्र हळूहळू कोसळतं आणि प्लगपर्यंत दम पोचत नाही. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला फिरताना हे सेकंदाला १०० वेळा होतं. म्हणून पॉइंट जळलेले दिसले की नुसते पॉइंट बदलून पैसे घालवू नका.

पॉलिश पेपरने पॉइंट घासणं ही आणखी एक आवडती खोड. कण रुततात. बारीक कानस वापरा, मग कोरं कार्ड मधून ओढा. फिलर गेजवरचं (गॅप मोजायच्या पातळ पट्टीवरचं) तेलही पुसा, तेवढा थर पॉइंटवर बसला की गाडी चालूच होत नाही, आणि आपण बॅटरी बघत बसतो! गॅप साधारण ०.४ मिलिमीटर, तीही पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना. गॅप बदलली की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, त्यामुळे आधी गॅप, मग टायमिंग.

इंजिन बंद ठेवून चावी चालू ठेवत गाणी ऐकणाऱ्यांनो, पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तिथल्या तिथे भाजते.

आणि नवा कंडेन्सर खोक्यातून काढलाय म्हणून तो चांगलाच असेल, हे मी आता मानत नाही. चालता जुना डॅशबोर्डच्या खणात ठेवतो, स्क्रू ड्रायव्हरसकट.