कामाच्या ठिकाणचा मानसिक ताण कमी करायचाय? आधी काम दुरुस्त करा

स्ट्रेसचा विषय निघाला की एचआर लगेच योगाचं सेशन नाहीतर एखादं लेक्चर ठेवतं. ते वाईट नाही, पण त्याने मूळ दुखणं जात नाही. मशीनला गार्ड नसेल तर कामगाराला नुसतं "हात सांभाळ" सांगून भागत नाही, गार्ड बसवावाच लागतो, तसंच हेही आहे. २०२१ साली आलेलं आयएसओ ४५००३ हे कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दलचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड हेच सांगतं की मानसिक धोके पण सेफ्टीच्या सिस्टिममध्येच धरा, बाकीच्या धोक्यांसारखे शोधा आणि मुळातून कमी करा.

सुरुवात कुठून करायची? ब्रिटनच्या एचएसईने (कामाच्या ठिकाणची सेफ्टी बघणारी तिथली सरकारी संस्था) सहा गोष्टी ठरवून दिल्यात त्या घ्या: कामाचा बोजा, कामावर स्वतःचा ताबा, मदत, आपसातले संबंध, जबाबदारीची स्पष्टता आणि बदल कसे राबवले जातात ते. यावर नाव न टाकता सर्व्हे घ्या, आणि प्लीज आठ-दहा जणांच्या टीमचा निकाल वेगळा काढू नका, कोण काय बोललं ते लगेच कळतं आणि पुढच्या वेळी कोणीच खरं लिहीत नाही. सोबत ओव्हरटाइम, रजा, राजीनामे, चुका यांचे आकडे पण बघा.

मग एकेक कारण धरा. समजा रात्रीच्या शिफ्टला रोज अर्धवट काम येतं, कारण शिफ्ट बदलताना हँडओव्हरला वेळच ठेवलेला नाही. इथे समुपदेशन काय करणार, दोन्ही शिफ्ट पंधरा मिनिटं एकमेकांवर येऊ द्या आणि काय राहिलंय ते लिहून द्यायची पद्धत लावा. डेडलाइन ठरवताना ज्याला काम करायचंय त्याला विचारा. काम भरपूर आणि ताबा शून्य, हे कॉम्बिनेशन सगळ्यात वाईट, कामाच्या ताणावर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेकने १९७९ लाच हे मांडलंय.

तासांकडे तर अजिबात कानाडोळा नको. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत स्ट्रोकचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त असतो, हे डब्ल्यूएचओ आणि आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) २०२१ ला मांडलेलं आहे.

आता इनोव्हेशनचं. नवीन प्रयोग म्हटलं की चुका होणारच, आणि "सर, हे चालत नाहीये" असं म्हणणाऱ्याला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापलं की पुढची वाईट बातमी थेट कस्टमरकडूनच कळते. म्हणून मॅनेजरने आधी ऐकून घ्यायचं, "कधीपासून होतंय, काय लागेल?" विचारायचं, आणि सांगणाऱ्याचं अप्रेझल त्यावरून खराब होणार नाही हे कृतीतून दाखवायचं. हे मॅनेजरच्या ट्रेनिंगमध्ये घाला, फक्त पोस्टर लावून होत नाही. छळ किंवा दादागिरीची तक्रार मात्र त्याच बॉसकडे जाऊ देऊ नका, वेगळा माणूस नेमा.

तीन-चार महिन्यांनी तेच प्रश्न परत विचारा. काय बदललं, काय जमलं नाही आणि का, हे सगळ्यांना सांगा, जे जमलं नाही ते तर आधी सांगा.